बत्तीस सत्काराच्या आणि एक आजीची

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. वडील शिक्षक होते. निवृत्तीनंतर गावोगाव व्याख्यानं द्यायचे. ते गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली तर आत तेहेतीस शाली निघाल्या. बत्तीस सत्काराच्या, आणि तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली आजीची एक काश्मिरी. सायीच्या रंगाची, चारी कडांना कुयऱ्या, तीन भोकं (एक रुपयाएवढं, दोन बारीक), घडीवर पिवळट डाग आणि डांबरगोळ्यांचा वास. ताईंनी विचारलंय की ही खरी पश्मीना आहे का, भोकं बुजतील का, घरी धुतली तर चालेल का, फेब्रुवारीत मुलाच्या लग्नात अंगावर घेता येईल का. शिवाय सुनेला एक नवी घ्यायची आहे, ती काय बघून घ्यावी? बाकीच्या बत्तिसांचं करायचं काय?

मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं शाली विकतोय, धुतोय आणि दुरुस्त करून देतोय. रफूचं काम आमच्या दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या एका चाचांकडून शिकलो. ते उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे. त्या गावात रफूगरांची घराणीच्या घराणी आहेत. या सगळ्या वर्षांत माझ्याकडे बिघडून आलेल्या शालींपैकी वापरून झिजलेल्या थोड्याच. बहुतेक सगळ्या जपून ठेवल्यामुळे गेलेल्या. तुमची त्याच जातीची आहे.

ताई, आधी एक काम करा. आजीची शाल बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि अजिबात धुवायला घेऊ नका. गच्चीत नेऊन अलगद झटका, दोन्ही बाजूंनी मऊ ब्रश फिरवा. मग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा आणि पिशवी फ्रीजरमध्ये ठेवा. खालच्या कप्प्यात नाही, बर्फाच्या. दोन आठवडे राहू द्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच ठेवा. नाहीतर गार कापडावर हवेतलं पाणी धरतं.

घरात लोक हसतील, पण कारण आहे. ती भोकं कसरीची आहेत. कसर म्हणजे कपाट उघडल्यावर अंधाराकडे पळणारा तो फिकट सोनेरी पतंग असं आपण समजतो आणि त्याला मारून मोकळे होतो. तो पतंग काही खातच नाही. खाते त्याची अळी, आणि ती आधी खाते ती जागा जिथे घाम, तेल किंवा जेवणाचा डाग आहे. भोकं नेहमी मानेपाशी, हाताच्या जागी किंवा कधीकाळी श्रीखंड सांडलं होतं त्या कोपऱ्यात सापडतात ती त्यामुळे. अंडी इतकी बारीक की डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. डांबरगोळ्यांच्या वासाने पतंग लांब राहतो, पण ट्रंकेत गोळ्यांचा वास दाटून राहत नाही तोवर आतल्या अळीला फारसं काही होत नाही. गारठ्याने मात्र अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात.

आणि बघा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर कसरीनेच देऊन ठेवलंय. एकाच ट्रंकेत तेहेतीस शाली वर्षानुवर्षं होत्या. बत्तिसांना तोंड लावलं नाही आणि एकीलाच खाल्लं. कसरीला लोकर, केस, पीस, रेशीम असलं प्राणिज खाद्य लागतं. सत्काराच्या शाली बहुतेक ॲक्रिलिक किंवा व्हिस्कोस अशा कारखान्यात बनवलेल्या धाग्यांच्या, त्या तिच्या कामाच्या नाहीत. म्हणजे आजीची शाल लोकरीची आहे, याबद्दल शंका नको.

ती पश्मीना आहे का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे सांगोवांगीच फार. अंगठीतून शाल ओढून दाखवण्याचा खेळ तुम्ही पाहिला असेल. तो विसरा. पातळ व्हिस्कोसचा स्टोलही अंगठीतून सुळकन जातो, आणि चांगली दाट विणलेली पश्मीना कधीकधी अडकते. धागा जाळून बघतात, त्याने एवढंच कळतं की लोकर आहे की नाही. झालरीतला एक धागा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला, ज्योत आपोआप विझली आणि राख बोटांनी चुरगळली तर लोकर. वितळून काळा टणक मणी झाला तर ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. कागदासारखा भुर्रकन जळला तर व्हिस्कोस. मेंढीची लोकर आणि पश्मीना यांतला फरक ज्योतीला कळत नाही, दोन्ही केसच.

पश्मीना ही लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळीची आतली लोकर. चार हजार मीटरच्या वर, कडाक्याच्या थंडीत तिच्या राठ केसांखाली मऊ लव वाढते. वसंतात ती लव सुटू लागली की तिथले चांगपा मेंढपाळ ती विंचरून काढतात. एका शेळीमागे वर्षाला शे-दीडशे ग्रॅम, आणि त्यातले राठ केस वेगळे केले की उरते निम्मी. एक तंतू साधारण बारा ते सोळा मायक्रॉन जाड. माणसाचा केस त्याच्या चार-पाच पट असतो. श्रीनगरच्या बायका तांदळाचं पीठ लावून ही लव चरख्यावर हाताने कातत आल्या. हा धागा इतका नाजूक की यंत्रमागाचा ताण त्याला सोसवत नाही. म्हणून यंत्रावर विणताना त्यात नायलॉन मिसळतात आणि विणून झाल्यावर तो आम्लात विरघळवून टाकतात. असं कापड हातात मऊ लागतं, पण चार हिवाळ्यांत विरतं.

घरच्या घरी काय बघाल? शाल खिडकीपाशी उजेडासमोर धरा. हातकताईचा धागा कुठे किंचित जाड, कुठे बारीक असतो, ओळी अगदी मोजून मारल्यासारख्या नसतात. मग ती उलटी करून कुयऱ्यांची मागची बाजू बघा. हाताच्या सोझनी कामात, म्हणजे काश्मिरी सुईच्या भरतकामात, मागून गाठींचा पसारा दिसत नाही. टाके लहान, किंचित वेडेवाकडे, आणि पुढचं चित्र मागेही बऱ्यापैकी ओळखू येतं. मशीनच्या भरतकामात मागे एकाच रंगाचा दोरा सगळीकडे धावत असतो. आणि शेवटची गोष्ट, शाल दोन्ही तळव्यांत दाबून मिनिटभर थांबा. पश्मीनाला चकाकी नसते, ती गुळगुळीतही लागत नाही. पण ऊब पटकन धरते. मीटर बाय दोन मीटरची शाल वजनाला दीड-दोनशे ग्रॅम भरली तर पश्मीनाची आशा धरा. तीनशेच्या पुढे गेली तर ती बहुधा रफल, म्हणजे अमृतसरकडची बारीक मेंढीची लोकर. आजीच्या काळात कित्येक काश्मिरी फेरीवाले रफलवरच सोझनी करून आणायचे. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. रफल टिकते जास्त. खात्रीच करायची तर सूक्ष्मदर्शकाखाली तंतू बघावा लागतो, श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये त्यासाठी प्रयोगशाळा आहे. पण जी विकायची नाही तिच्यासाठी इतका खटाटोप मी तरी करणार नाही.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. शाल मातकट तपकिरी, रंग न दिलेली, आणि हातात धरल्यावर काही धरलंय असंच वाटत नाही इतकी हलकी असेल, तर ती शहातूश असू शकते. शहातूश तिबेटी चिरू हरणाची असते, आणि त्या हरणाला मारूनच लोकर मिळते. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७९ पासून बंदी आहे, आणि आपल्या वन्यजीव कायद्यानेही खरेदी-विक्री गुन्हा आहे. तुमची सायीच्या रंगाची, भरतकाम केलेली असल्याने मला ती शक्यता कमी वाटते. पण वाचणाऱ्यांपैकी कुणी आजीची म्हणून तसली शाल अमेरिकेतल्या लेकीला पाठवणार असेल, तर थांबा.

आता भोकं. बुजतात. तिन्ही बुजतील, फक्त क्रम चुकवू नका. आधी भोकांच्या कडा कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायच्या, म्हणजे ती वाढत नाहीत. मग शाल स्वच्छ करायची आणि शेवटी रफू. पुष्कळ लोक आधी रफू करून घेतात आणि मग धुतात. मळलेल्या शालीवर मळलेल्या रंगाचा धागा जुळवलेला असतो, धुतली की शाल उजळते आणि रफू ठिगळासारखं डोळ्यांत भरतं.

चाचा रुपयाएवढ्या भोकाला अर्धा दिवस घ्यायचे. शाल उलटी करून गुडघ्यावर ताणायची. धागा बाजारातून आणायचा नाही, त्याच शालीच्या झालरीतून किंवा दुमडलेल्या काठातून एकेक उपसायचा. एकाच वयाचा, एकाच उन्हात फिकटलेला धागा असल्याने रंग आपोआप जुळतो. भोकाच्या कडेवरून नाही, कडेच्या पाव इंच बाहेरून, जिथे कापड धडधाकट आहे तिथून सुई घालायची. पहिल्यांदा उभे धागे, शेजारी शेजारी. मग आडवे, दोन वरून दोन खालून, कारण बहुतेक शालींची वीण तिरकी असते आणि साधं एकावर एक विणलं तर डाग पडल्यासारखं दिसतं. ओळ संपली की वळताना मोहरीएवढा फास सैल सोडायचा. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा सगळं घट्ट ओढून घेतलं होतं. चाचांनी काही न बोलता त्यावर ओलं बोट फिरवलं. धागे आवळले आणि मधोमध चोळामोळा झाला. “जागा ठेवायची असते,” एवढंच म्हणाले.

बारीक दोन भोकं कुयरीवर असतील तर नशीब समजा, वरून भरतकामाचे चार टाके घेतले की काम झालं. रफूवाला निवडताना आधी छोटं भोक करून घ्या, ते उजेडात धरून बघा, मग मोठं द्या. आणि कृपा करून इस्त्रीने चिकटणारं ठिगळ, फॅब्रिकचा गोंद किंवा कडेला नेलपॉलिश यातलं काही लावू नका. ते काढताना भोक दुप्पट होतं.

धुण्याबद्दल. लोकरीचा तंतू जवळून पाहिला तर त्यावर माशासारखे खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं होतं. ते परत सुटत नाही. कपड्यांच्या नेहमीच्या पावडरीत अल्कली असते, आणि डाग खाणारी एन्झाइम्सही असतात. ती एन्झाइम्स प्रथिनं तोडतात, आणि लोकर प्रथिनांचीच. ब्लीचचं तर नावच नको. त्यात लोकर अक्षरशः विरघळते.

साध्या, एकरंगी लोकरीच्या शालीसाठी घरची रीत सोपी आहे. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा दाबून बघा, रंग उतरला तर तिथेच थांबा. नाही उतरला तर बादलीत नळाचं गार पाणी, त्यात लोकरीसाठीचं लिक्विड थोडंसं, शाल पाच मिनिटं बुडवून नुसती वरखाली दाबायची. चोळायचं नाही, पिळायचं नाही. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा, पाणी तितकंच गार असू द्या. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर. उचलताना दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या, ओली लोकर स्वतःच्याच वजनाने ताणली जाते. मोठ्या पंच्यात गुंडाळून दाबा आणि सावलीत, पंख्याखाली, पलंगावर आडवी पसरा. दोरीवर टाकायची नाही. रिठे उत्तम, आजीही त्यानेच धूत असणार. पण रिठ्याचं पाणी तपकिरी असतं आणि सायीच्या रंगाच्या शालीवर त्याची झाक येते. गडद शालींना खुशाल वापरा.

तुमची मात्र घरी धुवू नका. रंगीत भरतकाम, जुने डाग आणि भोकं, तिन्ही एकत्र आहेत. मी धंद्यात नवा असताना एका बाईंची पांढरी आरीकामाची (आकड्याच्या सुईने भरलेली) शाल, लाल फुलांची, “नीट भिजू दे” म्हणून अर्धा तास पाण्यात ठेवली. काढली तेव्हा ती गुलाबी होती. बाई सदाशिव पेठेतल्या. ओरडल्या नाहीत. घडी उलगडून बघितली आणि म्हणाल्या, “वा, एका शालीच्या पैशात दुसऱ्या रंगाचीही मिळाली.” शालजोडीतला मारणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. (हा शब्दप्रयोग शालींच्या जोडीवरूनच आला. पेशवाईत मानकऱ्यांना शालजोडी द्यायचे, त्या जोडीच्या घडीत पायातला जोडा गुंडाळून हाणायचा, म्हणजे अपमान तर झाला पण दिसला मानासारखा.)

तेव्हा तुमची ड्रायक्लीनला द्या, पण जिथे लोकरीचं काम रोज होतं अशा ठिकाणी. देताना तीन गोष्टी सांगा: नंबरची चिठ्ठी स्टेपल करायची नाही, भोकांवरचे कच्चे टाके काढायचे नाहीत, गरम प्रेस मारायचा नाही. घरी इस्त्री करायचीच तर मध्ये ओलसर मलमल ठेवा आणि इस्त्री टेकवून उचला, सरकवू नका. घडीवरचा पिवळेपणा पूर्ण जाईल असं वचन कुणी दिलं तर त्याला शाल देऊ नका. काही पिवळेपणा वयाचा असतो.

लग्नात जरूर घ्या. पण कधी आणि कशी, ते ऐका. हळदीच्या दिवशी तिला कपाटातच राहू द्या. लोकरीवर हळद बसली आणि घाईघाईने साबण लावला तर डाग लाल होतो, हळद आणि अल्कलीचं ते जुनं नातं आहे, कुंकूही त्यातूनच बनवतात. हळदीचा डाग पडलाच तर साबण नको, साध्या पाण्याने टिपा आणि तेवढाच भाग थोडा वेळ उन्हात धरा, हळद उन्हात उडते. अक्षता पडतानाही शाल नको, कुंकवात ओलसर झालेल्या तांदळांचे ठिपके सायीच्या रंगावर कायमचे बसतात. संध्याकाळच्या स्वागतसमारंभाला घ्या, तेव्हा फेब्रुवारीत जरा गारवाही असतो.

पैठणी नेसणार असाल तर जरीचा पदर आणि सोझनीचे टाके एकमेकांवर घासू देऊ नका. शाल लांबीत तिपदरी दुमडा आणि पदर नाही त्या उजव्या खांद्यावरून पाठीमागून डाव्या हाताच्या कोपरात आणा. भरतकाम बाहेरच्या बाजूला. पिन लावायची नाही, टोचलेली जागाच पुढे फाटते. मोत्यांचे आणि गुळगुळीत सोन्याचे दागिने चालतात. तोडे, कोरीव पाटल्या, खडे पकडणारे टोकदार आकडे असलेल्या अंगठ्या हे सगळं धागे ओढतं, ते त्या दिवशी दुसऱ्या हातात. अत्तर आणि केसांचा स्प्रे आधी, शाल सगळ्यात शेवटी. धागा ओढला गेलाच तर कात्री लावू नका. सुईच्या नाकाने मागच्या बाजूला ओढून घ्या.

सुनेच्या शालीचं तिच्या वापरावरून ठरवा. डोंबिवलीत हिवाळा तो किती? रोज ऑफिसच्या एसीत अंगावर घ्यायची असेल तर पश्मीना घेऊन तुम्ही तिला काळजीच भेट द्याल. तिच्यासाठी मेरिनो किंवा रफलचा स्टोल, साधारण सत्तर सेंटीमीटर बाय दोन मीटरचा. पूर्ण शाल अंगभर लपेटायला बरी, पण लोकलच्या गर्दीत ती आवरत नाही. मला विचाराल तर कुलूची शाल दिसायला सर्वांत प्रामाणिक. साधं अंग आणि काठाला भौमितिक रंगीत पट्टे, शिवाय दणकट. भुजोडीच्या वणकरांची कच्छी शाल तिच्याच तोडीची, जरा खरखरीत लागते पण अंगावर घेतली की गप्पांचा विषय होते. हौसेची, जवळच्या मातीतली हवी असेल तर छत्रपती संभाजीनगरचा हिमरू आहे. सुती ताणा आणि रेशमी बाणा, मागच्या बाजूला नक्षीचे मोकळे धागे लोंबत असतात. ते बांगडीत अडकतात, म्हणून अस्तर लावून घ्या. मात्र हातमागाचा हिमरू दाखवा म्हणून विचारा, यंत्रावरचाच जास्त खपतो.

आणि पश्मीनाच द्यायची असेल तर हिशेब डोक्यात ठेवा. एका शालीला दोन-तीन शेळ्यांची वर्षभराची लव, महिनाभराच्या आसपास कताई, मग विणाई. हे सगळं दोन हजार रुपयांत होत नाही. रस्त्यावर दोनशे रुपयांना जी ‘पश्मीना’ मिळते ती व्हिस्कोस असते, आणि दोनशे रुपयांना ती चांगलीच आहे, फक्त नाव तिचं नाही. काश्मीर पश्मीनाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तपासून झालेल्या शालीला क्रमांक असलेला शिक्का लागतो. तो नसेल तर दुकानदाराच्या शपथेवर जाऊ नका, बिलावर ‘हातकताई, हातमाग, शंभर टक्के पश्मीना’ असं लिहून मागा. खोटं सांगणारा लिहून देताना अडखळतो.

जाता जाता, सून पुण्याची आणि दुचाकीवाली असेल तर ह्या स्टोलने ती तोंड बांधणार नाही एवढं बघा. त्या कामाला सुती स्कार्फच हवा. घाम टिपतो, रोज धुता येतो, हेल्मेटखाली घसरत नाही. टोकं जॅकेटच्या आत खोचायला सांगा. मोकळं टोक चाकात गेल्याचे अपघात ऐकून ऐकून मी गिऱ्हाइकांना हे न विचारताच सांगतो.

आता बत्तीस सत्काराच्या. आधी प्रत्येकीची घडी उलगडा. आत टाचणीला लावलेली चिठ्ठी असते, टाचणी गंजून तिथे डाग पडलेला असतो. चिठ्ठ्या जपा, बाबा कुठे कुठे जाऊन बोलले त्याची ती नोंद आहे. आणि शाल कुणाला द्यायची झाली तर चिठ्ठी आत राहिली नाही ना ते पक्कं बघा. माझ्याकडे एका संस्थेने सत्कारासाठी आणलेल्या शालींतल्या एकीत दुसऱ्याच गावच्या दुसऱ्याच कार्यक्रमाचं कार्ड निघालं होतं, आणि ज्यांचा सत्कार व्हायचा होता त्यांनीच ती शाल कधीतरी कुणाला दिलेली होती. फिरत फिरत घरी चालली होती बिचारी.

दोन तुमच्या आठवणीच्या ठेवा. ज्या जळून मणी होतात त्या ॲक्रिलिकच्या, त्यांना ऊब असते, त्या खुशाल द्या, पण देण्याआधी धुऊन. व्हिस्कोसच्या चकचकीत शालींना ऊब फारशी नसते, थंडीत कुडकुडणाऱ्याला त्या देऊन आपलंच समाधान होतं. त्यांची गोधडी शिवून घ्या. जरीचा काठ उसवून काढा, तो अंगाला टोचतो. वर-खाली तुमच्या आईची सुती लुगडी असतील तर ती लावा आणि मध्ये या शालींचे तीन-चार थर. कापड निसरडं असल्याने टाके नेहमीपेक्षा जवळ घालायला सांगा, नाहीतर आतल्या आत गोळा होतो. एका गोधडीत सात-आठ शाली सहज मुरतात.

ठेवणीबद्दल थोडंच सांगायचंय, कारण तुमचा खरा शत्रू कसर नाही, डोंबिवलीचा पावसाळा आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत शाल ठेवली की आतला दमट वारा आतच राहतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते कसरीच्या भोकांपेक्षा वाईट, कारण त्यांना रफू नाही. ट्रंक माळ्यावर परत टाकू नका, लाकडी किंवा लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. वेखंडाचे तुकडे, वाळलेला कडुनिंबाचा पाला, लवंगा यातलं काहीही पुरचुंडीत बांधून ठेवा, वर्षाला बदला. यांनी पतंग जरा लांब राहतो एवढंच, अळी मरत नाही, तेव्हा मळकी शाल ठेवून त्यांच्यावर विसंबू नका. डांबरगोळ्या मी आता ठेवत नाही. घरात तान्हं मूल आलं तर डांबरगोळ्या ठेवलेल्या कपाटातले कपडे त्याच्या अंगावर घालूच नका, जी६पीडी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांना गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. पुढच्या वर्षी नातवंड येईलही तुमच्या घरी.

वर्षातून दोनदा, पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की एकदा आणि होळीच्या सुमाराला एकदा, शाल बाहेर काढा. सावलीत तासभर वारा द्या, झटका आणि घडी बदला. जुन्या घडीवर पुन्हा दुमडू नका, तुमचे पिवळे पट्टे त्याच रेषेवर आलेत. जमलं तर घडीच नको, कापडाचं गुंडाळं करून त्याभोवती शाल सैल लपेटा. आणि वापरा. आठवड्यातून एखादी संध्याकाळ, गॅलरीत चहा पिताना. हलत्या, उजेडात येणाऱ्या कापडावर कसर सहसा अंडी घालत नाही.

ज्या धोतरात ती गुंडाळलेली होती ते फेकलं नसेल तर बरं. जुनं, शंभर वेळा धुतलेलं सुती कापड, हवा खेळते, रंग सोडत नाही. दुकानात मी यासाठी मलमल विकतो, पण तुम्हाला विकणार नाही. ते धोतर गरम पाण्यात धुवा, खळ आणि नीळ घालू नका, कडक उन्हात वाळवा, आणि शाल रफू होऊन आली की त्यातच ठेवा.